मीटरवर बारा व्होल्ट, तरीही पंप मुका

मोटारीच्या इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचवण्याचे काम दीर्घकाळ जवळजवळ संपूर्णपणे यांत्रिक होते. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा एका छोट्या पंपाचा दांडा हलवीत असे, त्या पंपातील पडदा टाकीतले पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलत असे, आणि पुढचे मिश्रण हवेच्या ओढीने आपोआप होत असे. पेट्रोल येत नसेल तर नळी काढून पाहायची, पंपाचा पडदा फाटला आहे का ते तपासायचे, जेटमध्ये कचरा आला असेल तर फुंकून काढायचा, एवढ्यावर मेकॅनिकचे काम भागत असे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीची पद्धत बाजारात आणली. भारतात सर्वसामान्यांच्या गाड्यांत ती पोहोचण्यास मात्र १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. १९९८ मध्ये आलेल्या सँट्रो आणि मॅटिझ या गाड्या एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या होत्या आणि पुढे २००० च्या सुमारास, धुराचे नियम कडक होताच, मारुती ८०० नेही कार्बोरेटर सोडला. त्या पिढीच्या गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांच्या इंधनव्यवस्थेत जे बिघाड होतात त्यांतील पुष्कळसे पेट्रोलचे नसून विजेचे असतात, आणि नेमके तेच चुकीच्या पद्धतीने शोधले जातात.

चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. पंपाच्या वायरवर मीटर धरला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे ‘करंट येतोय’ असे मानले जाते आणि पंप बदलला जातो. परंतु मीटरवर दिसणारा विद्युतदाब आणि त्या वायरीतून हवा तितका विद्युतप्रवाह वाहू शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीतल्या नळाच्या पाइपात गंज साचला असला, तरी तोटी बंद असताना पाण्याचा जोर पूर्ण भासतो आणि तोटी उघडल्यावरच धार किती बारीक आहे ते कळते, तसाच हा प्रकार आहे. जुन्या गाडीतील विजेचा दोष शोधण्याची सगळी कला, ती तोटी उघडी असताना मोजमाप करण्यात आहे.

त्यासाठी विजेचा मार्ग आधी डोळ्यांसमोर हवा. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वीज फ्यूजमधून रिलेपर्यंत येते. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच होय. रिलेमधून निघालेली वायर गाडीच्या अंगाने मागे जाऊन टाकीतील पंपाला मिळते, आणि पंपातून बाहेर पडलेली वीज दुसऱ्या वायरीने गाडीच्या पत्र्याला, म्हणजे ‘अर्थ’ला जोडली जाऊन पत्र्यामार्फत बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. रिलेला हुकूम देतो तो ईसीएम, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक. चावी फिरवताच तो साधारण दोन सेकंद पंप चालवून नळीत दाब भरतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळत राहिला तरच पंप चालू ठेवतो. ही अट गैरसोयीची वाटली तरी तिच्यामागे ठोस कारण आहे. अपघातात नळी तुटली आणि इंजिन बंद पडले, तर साधारण ३ बार दाबाने पेट्रोल फेकणारा पंप त्याच क्षणी थांबला पाहिजे.

ज्याच्या आतील ब्रशांवर ठिणग्या उडत असतात असा पंप पेट्रोलमध्येच बुडवून ठेवणे अनेकांना धोक्याचे वाटते आणि ती शंका रास्त आहे. तथापि ज्वलनासाठी हवा लागते आणि पंपाच्या पोटात ती नसते. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते आणि बंद टाकीतील मोकळ्या जागेत एरवी तिचे प्रमाण त्याहून बरेच जास्त असते. शिवाय आजूबाजूचे पेट्रोल पंपाला थंड ठेवते. धोका सुरू होतो तो टाकीचे झाकण उघडून तिथे वायरी जोडायला घेतल्यावर, कारण तेव्हा बाहेरची हवा आणि वाफ पेटण्याजोग्या प्रमाणात एकत्र येतात. त्यामुळे टाकी उघडायची असेल तर आधी बॅटरी सोडवणे, आणि विजेची चाचणी करायची असेल तर टाकीपासून दूर असलेल्या कपलरवर, म्हणजे वायरींच्या जोडावर, करणे, हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये.

गाडी ‘सेल्फ घेते पण सुरू होत नाही’ अशी तक्रार असली की पहिले साधन कान हेच आहे. गाडी शांत जागी उभी करून, मागचे सीट उचलून किंवा पेट्रोल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढून तिथे कान दिला, आणि दुसऱ्याने चावी ‘ऑन’ केली, तर दोन सेकंदांची घरघर ऐकू यायला हवी. घरघर आली तर फ्यूज, रिले आणि पंप यांची साखळी निदान तुटलेली तरी नाही. मात्र ती निरोगी आहे असे एवढ्यावरून ठरत नाही. घरघर आली पण सेल्फ मारताना प्लगवर ठिणगीही नाही आणि इंजेक्टरही मुके आहेत, असे असेल तर पंपाकडे पाहण्यात वेळ घालवू नये. क्रँकशाफ्ट फिरत असल्याची वर्दी देणारा सेन्सर, किंवा काही गाड्यांत डिस्ट्रीब्युटरमध्ये बसवलेला त्याचा भाऊबंद, गप्प झाला असण्याची शक्यता तिथे मोठी असते, कारण ती वर्दी नसेल तर ईसीएमच्या दृष्टीने इंजिन उभेच आहे. सुरुवातीची घरघरच आली नाही तर मात्र फ्यूजपासून क्रमाने मागे जायचे. तिथेही फ्यूज नुसता काढून उजेडात पाहणे पुरेसे नसते. तो जागेवर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा, कारण कधी फ्यूज शाबूत असतो आणि ज्या खाचेत तो बसतो तिची पकड ढिली झालेली असते.

मल्टिमीटरविषयी येथे थोडे थांबून बोलले पाहिजे. त्यातील ‘बीप’ करणारी सोय, जिच्यावर बहुतेकांचा भरवसा असतो, ती अनेक मीटरांत तीसेक ओहम रोध असला तरी वाजते. रोध म्हणजे विजेच्या वाटेतील अडथळा आणि ओहम हे त्याचे माप. पंपाच्या वायरीत ३० ओहमचा अडथळा आला तर १२ व्होल्टची बॅटरी त्यातून अर्धा अँपिअरसुद्धा ढकलू शकणार नाही, आणि पंपाला तर ४ ते ६ अँपिअर हवे असतात. म्हणजे मीटर आनंदाने वाजेल आणि पंप जागचा हलणार नाही. याउलट एक ओहमहून कमी रोध, जो पंपाला अर्धमेला करायला पुरेसा असतो, साध्या मीटरवर नीट मोजताच येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम भरतो. म्हणून जुने वाकबगार ऑटो इलेक्ट्रिशियन इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून खिशात बाळगतात. हा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह खेचतो, त्यामुळे वाट खरोखर मोकळी आहे की नुसता दाब दिसतो आहे हे तो लगेच सांगतो. पंपाच्या जागी तात्पुरता भार म्हणून हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लांब वायरीने गाडीबाहेर ठेवून जोडला, तर तो साडेचार अँपिअर खेचून जवळपास पंपाइतकीच परीक्षा घेतो. मात्र ईसीएमच्या सेन्सरच्या वायरींवर असे बल्ब कधीही लावू नयेत. त्या वायरींतून जाणारे प्रवाह अगदी क्षीण असतात आणि बल्बाची ओढ आतले परिपथ जाळू शकते.

खरे निदान होते ते व्होल्टेजची घट मोजून. समजा, एखादी गाडी शहरात ठीक चालते. पण खंबाटकीचा घाट चढताना एसी लावला की दम तोडते आणि वर जाऊन सपाटीला आली की पुन्हा सुधारते. अशा गाडीचा पंप कपलरला जोडलेला ठेवून, चालू स्थितीत, मीटरच्या पिना कपलरच्या मागून घालून मोजले असता पंपाच्या दोन टोकांमध्ये ९.१ व्होल्टच मिळाले, आणि त्याच वेळी बॅटरीवर १२.४ व्होल्ट दिसले, तर ३.३ व्होल्ट वाटेत हरवले आहेत. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी पंपाच्या धन वायरीवर ठेवायची, तिथे ०.५ व्होल्ट दिसले. मग एक पिन पंपाच्या ऋण वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवायची, तिथे २.८ व्होल्ट दिसले. दोहोंची बेरीज ३.३ येते, म्हणजे हिशेब पुरा झाला आणि चोर अर्थच्या बाजूला आहे हे पंपाला हात न लावता ठरले. प्रवाह ४ अँपिअर असेल तर अर्थच्या सांध्यात ०.७ ओहमचा अडथळा आहे आणि तो सांधा ११ वॉट उष्णता विनाकारण निर्माण करीत आहे. सीटखालच्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेला अर्थच्या वायरीचा थिंबल, म्हणजे तिच्या टोकाची धातूची कडी, काढला की खाली तांबूस गंज आणि थिंबलच्या पोटात हिरवट पूड सापडते. पत्रा घासून चकचकीत करणे, नवा थिंबल दाबून बसवणे आणि वरून ग्रीस लावणे, एवढ्यावर दुरुस्ती संपते.

शहरात ठीक आणि घाटात बेदम, असे का व्हावे, याचे उत्तर या व्यवस्थेच्या रचनेत आहे. अनेक जुन्या एमपीएफआय गाड्यांत पंप नेहमीच गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेले दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. इंजिन मंद चालत असताना बहुतेक पेट्रोल असे परतत असल्यामुळे पंप अशक्त झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. घाटात इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहू लागले की ही शिल्लक संपते आणि दाब कोसळतो. शिवाय पंपाला दाबाविरुद्ध काम करायचे असल्याने व्होल्टेज जितक्या प्रमाणात घटते त्याहून अधिक प्रमाणात पेट्रोलचा प्रवाह घटतो. सर्वसाधारण अपेक्षा अशी असते की धन बाजूने फार तर अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या बाजूने ०.१-०.२ व्होल्ट इतकीच घट असावी. तरीही दुरुस्तीच्या दुकानांत अर्थची वायर बहुधा सर्वांत शेवटी पाहिली जाते. अर्थ म्हणजे काहीच नव्हे, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी.

रिलेचा बिघाड वेगळ्या स्वभावाचा असतो. युरोपीय धाटणीच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती पंपाकडे जाते आणि ८५-८६ च्या मध्ये आतील गुंडाळी असते, जी चेतली की ‘टक्’ असा आवाज होतो. जपानी गाड्यांत हे आकडे असतीलच असे नाही. ‘टक्’ वाजला म्हणजे रिले चांगला, हीदेखील एक अर्धवट खात्री आहे, कारण वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन आतील संपर्कबिंदू काळे पडले तर टक् वाजूनही वीज पुढे जात नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील होंडा गाड्यांचा मुख्य रिले या बाबतीत जगभर प्रसिद्ध आहे. डॅशबोर्डखालच्या त्या पेटीतील सोल्डरच्या सांध्यांना बारीक वर्तुळाकार भेगा पडत असत. गाडी उन्हात तापली की भेग रुंदावून पंप बंद, आणि काचा उघडून थोडा वेळ थांबले की भेग मिटून गाडी चालू. मालकाला वाटे की पेट्रोलला वाफ धरली, म्हणजे वेपर लॉक झाले. वास्तविक पंपाला वीजच पोहोचत नसे. सोल्डर पुन्हा वितळवून बसवले की तो रिले पुढे अनेक वर्षे चाले.

ऊन आणि बिघाड यांचे असेच नाते क्रँक सेन्सरच्या बाबतीतही दिसते. त्याच्या आतील केसासारखी बारीक तार तापून ताणली की तुटते आणि निवली की जुळते. परिणामी ऐन दुपारी बंद पडलेली गाडी टो करून गॅरेजमध्ये आणेपर्यंत शहाण्यासारखी सुरू होते आणि मेकॅनिकला दोष सापडत नाही. अशा वेळी गाडी गरम असताना, बंद पडलेल्या क्षणीच, सेन्सरचा रोध मोजणे हाच खात्रीचा उपाय आहे. तो एरवी काही शे ओहम असतो आणि तार तुटली की अनंत दाखवतो. ज्या गाड्यांत आरपीएमचा काटा असतो त्यांत, सेल्फ मारताना काटा किंचितही हलला नाही, तर संशय याच दिशेने बळावतो. वायरीतील दोष असा येऊन-जाऊन असेल तर गाडी चालू ठेवून एकेक कपलर आणि वायरीचा एकेक जुडगा हाताने हलवत जायचे, आणि कोणत्या जागी इंजिन अडखळते ते टिपायचे; हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

इंजेक्टरच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक असली म्हणजे पुष्कळ गैरसमज टळतात. त्याला १२ व्होल्ट सततच मिळत असतात. ईसीएम त्याची दुसरी बाजू क्षणभर अर्थला जोडून तो उघडतो, आणि मंद गतीला हा क्षण सुमारे २ ते ३ मिलिसेकंदांचा असतो. इंजेक्टरचा कपलर काढून तिथे इवलासा तपासणी-दिवा लावला आणि सेल्फ मारला, तर तो लुकलुकला पाहिजे. बहुतेक गाड्यांच्या इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम असतो, आणि चारांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर ‘मिसिंग’चे, म्हणजे इंजिन अडखळण्याचे, कारण हाती लागते. आजच्या गाड्यांप्रमाणे स्कॅनर लावण्याची सोय त्या पिढीत सर्वत्र नव्हती. परंतु ठरावीक दोन पिना वायरीने जोडल्या की ‘चेक इंजिन’चा दिवाच सांकेतिक भाषेत लुकलुकत असे. सुझुकीच्या त्या काळातील अनेक प्रणालींत एक लुकलुक, विराम आणि मग दोन लुकलुकी, म्हणजे १२ हा संकेत, ‘दोष नाही’ असे सांगतो. मात्र अर्थच्या गंजलेल्या सांध्यासाठी कोणताही संकेत नसतो, कारण त्या गाड्यांचा ईसीएम पंपाला प्रत्यक्षात किती व्होल्ट मिळतात हे मोजतच नाही.

कार्बोरेटरच्या गाड्याही विजेपासून अगदीच अलिप्त नव्हत्या. १९८० च्या दशकापासूनच्या अनेक कार्बोरेटरांवर मंद गतीचे पेट्रोल रोखणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारी छोटी झडप, असतो. त्याची वायर निघाली की गाडी अॅक्सिलरेटर दाबला तर चालते आणि पाय काढताच बंद पडते. रोटरी पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांत असाच सोलेनॉइड संपूर्ण इंधन रोखतो, त्यामुळे एक वायर सुटली की धडधाकट डिझेल इंजिन निर्जीव होते. त्याहून जुन्या मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांतील एसयू पंप तर विजेवरच चाले आणि त्याचे संपर्कबिंदू चिकटले की त्याला हातोडीने हलकेच ठोकण्याची रीत होती. टाकीतल्या आधुनिक पंपालाही टाकीखालून रबरी हातोड्याचा ठोका देऊन चालू करणारे आहेत. ठोक्याने पंप चालू झाला तर त्यातील ब्रश किंवा त्यांखालची तांब्याची कडी झिजली आहे, हे निदान पक्के समजावे. त्याला दुरुस्ती समजू नये.

महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांना आणखी दोन-तीन गोष्टी छळतात. कोकणातल्या आणि मुंबईतल्या खाऱ्या दमट हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडतात, पावसाळ्यात उंदीर बॉनेटच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात, आणि बाहेरून बसवलेले सीएनजी किट इंधनव्यवस्थेच्या वायरींना जागोजागी छेद देते. शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यायला हवे. अशा किटमध्ये ईसीएम आणि इंजेक्टर यांच्या मध्ये एम्युलेटर नावाची पेटी बसते. गाडी गॅसवर असताना ती इंजेक्टर तोडते आणि ईसीएमला मात्र सारे आलबेल असल्याचे भासवते. तिचे जोड वायरी पिळून नुसत्या टेपने गुंडाळलेले असतील, तर काही वर्षांनी टेपचा गोंद वितळतो, ओल शिरते, आणि गाडी गॅसवर उत्तम पण पेट्रोलवर मिसिंग मारू लागते. दुसरीकडे, गॅसवर चालते म्हणून मालक टाकीत नावापुरते पेट्रोल ठेवतो. काही किटांत पंप गॅसवरही चालूच राहतो, आणि थंड करायला पेट्रोल न उरल्याने तो जळतो. तक्रार दोन्ही ठिकाणी सारखीच, ‘पेट्रोलवर घेत नाही’, आणि दोष मात्र एकदा वायरीचा, एकदा पंपाचा.

अशा सगळ्या तक्रारींवर सर्वांत लोकप्रिय इलाज म्हणजे पंप ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे रिले आणि ईसीएम दोघांना वगळून इग्निशन स्विचपासून थेट वायर पंपाला जोडणे. गाडी तत्काळ सुरू होते, मालक खूश होतो आणि दोष तसाच लपून राहतो. मुख्य म्हणजे, अपघातानंतर पंप आपोआप थांबण्याची सोय त्या एका वायरीने नाहीशी होते. चालक बेशुद्ध असेल आणि चावी ‘ऑन’ असेल, तर तुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहतच राहते. रस्त्यात अडकलेली गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरती ही युक्ती क्षम्य मानता येईल. कायमची दुरुस्ती म्हणून ती करणाऱ्याला काम येत नाही, एवढेच म्हणावे लागेल. १५ अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे ३० चा घालणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायर वितळते.

दुरुस्ती कोणतीही असो, तिच्यानंतर तीच मोजमापे त्याच टोकांवर, पंप चालू ठेवून, पुन्हा घ्यावी लागतात. इंजिन चालू असताना ऑल्टरनेटरमुळे बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. त्या वेळी पंपावर १३ च्या वर व्होल्टेज मिळत असेल तर वायरींची बाजू निर्दोष आहे. एवढे असूनही नळीतला दाब ३ बारच्या आसपास पोहोचत नसेल, तर क्लॅम्प मीटरने पंपाचा प्रवाह पाहावा. तो नेहमीपेक्षा जास्त असेल तर बहुधा तुंबलेला फिल्टर किंवा पंपातली जाम झालेली फिरकी त्याला अडवत असते, आणि कमी असेल तर ब्रश झिजलेले असतात किंवा दाब राखणारा रेग्युलेटर पेट्रोल मुक्तपणे परत सोडत असतो. यातला प्रत्येक पर्याय वेगळ्या किमतीचा आहे, आणि त्यांतला सर्वांत महाग पर्याय, म्हणजे नवा पंप, आता कुठे विचारात घेण्याजोगा ठरतो.